बेटाला झेपतील एवढेच पाहुणे

दिवाळीची सुट्टी संपली की आमच्या महाविद्यालयात एका विषयावर हमखास वाद रंगतो. यंदाची अभ्यास सहल कुठे न्यायची? हंपी झाले, बदामी-ऐहोळे झाले, विजापूरचा गोलघुमट तर दोनदा झाला. २०२४ च्या नोव्हेंबरात मात्र वाद झालाच नाही. मुलांनी एकमुखाने नाव घेतले, लक्षद्वीप! त्याच वर्षीच्या जानेवारीत पंतप्रधान तिथे जाऊन आले होते आणि निळ्या पाण्यातली त्यांची छायाचित्रे प्रत्येकाच्या मोबाइलवर पोचली होती. त्यातच एप्रिलपासून गोव्याहून अगत्ती बेटाला छोटे विमान सुरू झाले. म्हणजे बेळगावहून पहाटे निघून मोपाचा विमानतळ गाठायचा आणि दुपारचे जेवण थेट अरबी समुद्राच्या मध्यावर!

दोन दिवसांत बेचाळीस नावे आली. भूगोलाचे सर उत्साहात होते. मी समाजशास्त्र शिकवते, त्यामुळे मलाही त्या बेटांचे फार दिवसांपासून कुतूहल होते. प्राचार्य म्हणाले, ‘‘मॅडम, एवढी मुले न्यायची म्हणजे जबाबदारी मोठी. तुम्ही आधी एकदा बघून या.’’ मग जानेवारी २०२५ मध्ये मी, आमचे हे आणि नववीतली लेक असे तिघे स्वखर्चाने निघालो. काम दोन ओळींचे होते. मुलांची राहण्याची सोय बघायची आणि कयाकने समुद्रात फिरवणारा भरवशाचा माणूस शोधायचा. दोन्ही मिळाले. तरीही परत येऊन मी प्राचार्यांना सांगितले की बेचाळीस मुलांना तिथे न्यायचे नाही. का, ते सांगण्यासाठी हा लेख.

नकाशावरचे ठिपके

लक्षद्वीपला जायला आपल्या देशाच्या नागरिकालाही परवाना लागतो. बाहेरच्या माणसाला तिथे जमीन घेता येत नाही. बेटांवरचे जवळजवळ सगळे मूळ रहिवासी अनुसूचित जमातीत मोडतात आणि त्यांच्या रक्षणासाठी हे नियम आहेत. सगळ्या बेटांची जमीन मिळून जेमतेम ३२ चौरस किलोमीटर. बेळगाव तालुक्याच्या नकाशात एका कोपऱ्यात मावेल एवढीच! २०११ च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या ६४,४७३ होती आणि वस्ती फक्त दहा बेटांवर.

आपल्या भागातील वाचकांना एक गोष्ट मुद्दाम सांगते. उत्तरेकडील अमिनी, कदमत, किल्तान, चेतलत ही बेटे एके काळी टिपू सुलतानाच्या अमलाखाली होती. १७९९ मध्ये टिपू पडल्यावर ती इंग्रजांकडे गेली आणि पुढे दीडशे वर्षे त्यांचा कारभार मंगळूरहून, दक्षिण कन्नड जिल्ह्यातून चालला. बेटांवरचा काथ्या मंगळूरला जायचा आणि तिथून तांदूळ यायचा. १ नोव्हेंबर १९५६ रोजी ही बेटे त्या जिल्ह्यातून निघून केंद्रशासित प्रदेशात गेली. तारीख ओळखीची वाटते ना? त्याच दिवशी आपला जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात आला. नकाशावरच्या रेघा एका रात्रीत हलतात आणि माणसे, भाषा, सोयरिकी जिथल्या तिथे राहतात, हे आपल्याला कुणी शिकवायला नको.

अगत्तीची धावपट्टी बेटाच्या दक्षिण टोकाला आहे. तिथे बेट इतके अरुंद की दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतून पाणीच दिसते. ह्यांनी तर डोळेच मिटून घेतले होते. शेजारच्या बंगारम बेटाचे नाव ऐकून लेक म्हणाली, ‘‘अप्पा, बंगार अंदरे चिन्न! म्हणजे सोन्याचं बेट!’’ आमच्या घरात हे असेच चालते. माझे माहेर खानापूरचे मराठी, सासर गोकाकचे कन्नड आणि लेक दोन्हीकडची.

विहिरीतला ‘उप्पु’

आम्ही एका कुटुंबाच्या घरीच उतरलो. नारळीच्या बागेत दोन खोल्या, मागे स्वयंपाकघर आणि मधोमध एक उथळ विहीर. घर चालवणाऱ्या बाई माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या. मलबारकडे मुसलमान घरांत थोरल्या बहिणीला ‘इत्ता’ म्हणतात, तसे मीही त्यांना इत्ता म्हणू लागले. त्यांची बोली जेसरी, ती मल्याळमच्या जवळची. त्यांचा धाकटा मुलगा मोडके हिंदी बोले आणि दुभाष्याचे काम करी. तोच आमचा कयाकचा वाटाड्या.

पहिल्याच संध्याकाळी प्रवासाचा शीण घालवायला मी मनसोक्त आंघोळ केली. बाहेर आले तर इत्ता विहिरीपाशी उभ्या होत्या. रागावल्या नव्हत्या. त्यांनी फक्त विहिरीकडे बोट दाखवले, हाताने पाणी वर येत असल्याची खूण केली आणि म्हणाल्या, ‘‘उप्पु.’’

दुभाष्याची गरज पडली नाही. कन्नडमध्ये उप्पु म्हणजे मीठ, मल्याळममध्येही तेच.

प्रवाळबेटावर नदी नाही, ओढा नाही, तलाव नाही. पावसाचे पाणी वाळूतून झिरपते आणि खालच्या खाऱ्या पाण्यावर तरंगत राहते, कारण गोडे पाणी खाऱ्यापेक्षा हलके असते. जमिनीखाली गोड्या पाण्याचे एखादे भिंग ठेवावे, तसा तो पातळ थर. विहीर त्या थरात बुडवलेली असते. बादलीने हळूहळू उपसा केला तर भिंग टिकते. पंप लावून एकदम ओढले की खालचे खारे पाणी वर सरकते, आणि एकदा खारी झालेली विहीर पुढच्या पावसाळ्यांशिवाय सुधारत नाही. नारळालाही हेच पाणी, घरालाही हेच आणि पाहुण्यालाही हेच.

सरकारने काही केले नाही असे नाही. चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने २०११ साली अगत्तीत समुद्राचे पाणी गोडे करणारा प्रकल्प उभा केला. वरचे कोमट पाणी कमी दाबाखाली वाफेत बदलायचे आणि खोल समुद्रातून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ पुन्हा पाण्यात आणायची, अशी त्याची रीत. क्षमता दिवसाला एक लाख लिटर. ऐकायला मोठा आकडा. पण अगत्तीची लोकसंख्या साडेसात हजार धरली तर माणशी तेरा-चौदा लिटर, म्हणजे एक बादली. पिण्या-रांधण्यापुरते ते भागते. बाकी सगळे विहिरीवर. राकसकोपची पातळी उतरली की नळाला पाणी किती दिवसांनी येणार याचा हिशेब आपणही मांडतो. फरक एवढाच की आपल्याला टँकर मागवता येतो. इत्तांना टँकर कुठून येणार?

रात्री जेवताना दुसरा धडा मिळाला. आमचे हे शुद्ध शाकाहारी. बेटावर भाजीपाला फारसा पिकत नाही, त्यामुळे कांदा, बटाटा, टोमॅटो सारे जहाजाने येते. ह्यांच्या ताटातल्या टोमॅटोच्या साराने आमच्यापेक्षा लांबचा प्रवास केला होता! दुसऱ्या दिवसापासून इत्तांनी परसातल्या नीरफणसाची नारळ घालून भाजी केली आणि हे तीन दिवस तेच आनंदाने जेवले.

कयाक का?

बेटाच्या पश्चिमेला समुद्रात प्रवाळाची लांबलचक भिंत आहे. मोठ्या लाटा तिच्यावर फुटतात. भिंत आणि किनारा यांच्यामधले पाणी उथळ, शांत आणि काचेसारखे स्वच्छ. भूगोलाच्या पुस्तकात याला खाजण म्हणतात. बेटावर सगळे लगून म्हणतात, मीही तेच म्हणते. कित्येक ठिकाणी कमरेएवढेही पाणी नसते. इंजिनाची बोट इथून गेली की तिचा पंखा तळ ढवळतो, वाळू उडते आणि ती प्रवाळावर बसते. नांगर टाकला तर तो प्रवाळ उपटतो. कयाक मात्र वीतभर पाण्यातही तरंगते. तिला ना पंखा, ना डिझेल, ना आवाज. माणूस जवळजवळ पाण्याच्या पातळीवर बसतो आणि दोन्ही टोकांना पाते असलेले एकच वल्हे आलटून पालटून मारतो.

दुसऱ्या दिवशी सकाळी वाऱ्याचा जोर वाढायच्या आत आम्ही निघालो. लेक वाटाड्याबरोबर एका कयाकमध्ये, आम्ही दोघे दुसऱ्यात. सुरुवातीला आमची कयाक जागच्या जागी गोल फिरत राहिली, कारण हे उजवीकडे मारत आणि मीही उजवीकडेच. ‘‘वीस वर्षांचा संसार झाला तरी एका दिशेला जाता येईना,’’ असे हे म्हणाले आणि लेक खदखदून हसली. मग जमले. दक्षिणेकडे कल्पिट्टी नावाचे निर्मनुष्य चिमुकले बेट आहे, तिथवर जायचे होते.

वाटेत हिरवी समुद्री कासवे दिसली. पाटाएवढी पाठ, आणि श्वासाला वर आले की टक्क डोळे. लेकीला किती पाहू नि किती नको असे झाले. वाटाड्या मात्र म्हणाला, ‘‘पाहुण्यांना कासव आवडतं. आमच्या जुन्या मच्छीमारांना विचारा.’’ यामागे मोठी गोष्ट आहे. लगूनच्या तळाशी समुद्री गवताची कुरणे असतात आणि माशांची पिल्ले तिथे वाढतात. शिकारीवर बंदी आल्यानंतर अगत्तीत कासवे फार वाढली आणि त्यांनी ही कुरणे चरून चरून जवळजवळ संपवली. मग मासे कमी झाले आणि मच्छीमारांचा राग कासवांवर. म्हैसूरच्या नेचर कॉन्झर्वेशन फाउंडेशनच्या अभ्यासकांनी हा प्रकार नोंदवून ठेवला आहे. एकाचे चित्र ते दुसऱ्याचे पोट, असे हे आहे. त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, कासव दाखवून मिळणारा पैसा त्या मच्छीमाराच्या घरी पोचला नाही, तर त्याने कासवाचे रक्षण का करावे?

माझ्या पायाखाली

आता माझी चूक सांगते. कल्पिट्टीजवळ वाटाड्याने सांगितलेल्या जागी आम्ही चष्मे लावून पाण्यात डोकावत होतो. माझा तोल गेला, कयाक कलंडली आणि घाबरून मी सरळ पाय खाली टाकून उभी राहिले. पायाखाली काहीतरी काडकन मोडले. पाऊल कापले, पण वाटाड्याने आधी माझ्या पावलाकडे पाहिलेच नाही. त्याने पाण्यात हात घालून पंजाएवढी फांदी वर उचलली, क्षणभर पाहिली आणि होती तिथेच हलकेच ठेवली. मग शांतपणे म्हणाला, ‘‘मॅडम, गेल्या वर्षी उन्हाळ्यात इथलं निम्मंअधिक पांढरं पडून मेलं. ही वाचली होती.’’

मला जमीन पोटात घेईल तर बरे, असे झाले. पण तिथे तर जमीनही नव्हती.

तो म्हणाला ते खरे होते. प्रवाळ म्हणजे दगड नव्हे आणि झाडही नव्हे. ते इवल्या इवल्या प्राण्यांचे घर असते. त्यांच्या अंगात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करून त्यांना पोसते आणि रंगही देते. पाण्याचे तापमान नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखाद्या अंशाने वाढून काही आठवडे तसेच राहिले की हे शैवाल बाहेर टाकले जाते. प्रवाळ पांढरे पडते आणि गारवा वेळेत आला नाही तर मरते. लक्षद्वीपमध्ये १९९८, २०१०, २०१६ आणि २०२४ साली हे मोठ्या प्रमाणावर घडले. अगत्ती, कदमत आणि कवरत्ती इथल्या दीर्घ अभ्यासात १९९८ साली तळाचा सरासरी ३७ टक्क्यांच्या आसपास भाग जिवंत प्रवाळाने झाकलेला आढळला होता. २०२२ पर्यंत तो २० टक्क्यांच्या खाली आला. म्हणजे चोवीस वर्षांत जवळपास निम्मा! आणि हा आकडा २०२४ च्या उन्हाळ्याआधीचा.

प्रवाळ मेले तर सुंदर दृश्य गेले, एवढ्यावर हे थांबत नाही. बेटाची वाळू प्रवाळाचीच असते. पोपटमासा प्रवाळ कुरतडतो आणि त्याच्या पोटातून ती वाळू होऊन पडते. प्रवाळाची भिंत वाढत राहते म्हणून लाटा बाहेर अडतात. भिंत झिजली की लाट अंगणात, आणि लाट अंगणात आली की विहिरीत पुन्हा ‘उप्पु’. समुद्र तापतो त्यात इत्तांचा दोष किती? आपल्या गाड्या, आपले कारखाने, आणि हो, ज्या विमानाने मी गेले ते विमानसुद्धा. तापणारा समुद्र त्या मुलाच्या हातात नाही. पाहुण्याचा पाय कुठे पडतो, एवढेच त्याच्या हातात आहे, आणि तेवढे तो जिवापाड जपतो.

त्या दिवसापासून त्याने एक नियम केला. पाहुणा कयाकमध्ये बसण्याआधी वाळूच्या तळावर दहा मिनिटे कलंडण्याचा सराव. ‘‘पडलात तर आडवे व्हा, तरंगा. उभे राहू नका.’’ लेकीला तो आधीच हे शिकवत होता. मोठ्या माणसांना सांगायला संकोचला, एवढेच. आम्हा शिक्षकांना कोण शिकवणार!

घर कुणाचे, कमाई कुणाची?

समाजशास्त्राच्या विद्यार्थ्यांना प्रा. लीला दुबे हे नाव ठाऊक असते. माहेरच्या त्या आंबर्डेकर, प्रसिद्ध गायिका सुमती मुटाटकर यांच्या धाकट्या बहीण. त्यांनी लक्षद्वीपच्या कल्पेनी बेटावरील समाजाचा अभ्यास केला आणि १९६९ साली ‘मॅट्रिलिनी अँड इस्लाम’ हे पुस्तक लिहिले. मुसलमान समाज, पण घराणे आईकडून चालणारे. लग्नानंतर मुलगी आईच्याच घरी राहते आणि नवरा तिच्याकडे येतो, अशी तिथली जुनी रीत. मालमत्तेचेही दोन प्रकार, एक शुक्रवारची आणि दुसरी सोमवारची. शुक्रवारची म्हणजे आईच्या घराण्याची, सगळ्यांची मिळून. तिची वाटणी होत नाही. सोमवारची म्हणजे स्वकष्टाची. आता रीत बदलते आहे, पण इत्तांचे घर आणि विहीर अजून त्यांच्या आईच्या घराण्याची आहे. पाहुण्यांच्या पैशांचा हिशेब त्या स्वतः वहीत लिहितात. आपल्याकडे किती घरगुती निवासांत वही बाईच्या हातात असते, हे वाचकांनीच सांगावे.

त्या वहीमुळे धाकटा मुलगा बेटावर राहिला. त्याचे वर्गमित्र कुणी कोचीला गेले, कुणी जहाजावर लागले. याने तीन कयाक घेतल्या. इत्तांच्या स्वयंपाकघराचाही एक नियम आहे. ताटात ट्यूना, म्हणजे आपल्याकडचा कुपा मिळेल. प्रवाळातला मासा मिळणार नाही. ट्यूना बाहेरच्या खोल समुद्रात गळाने एकेक करून पकडतात. प्रवाळातले मासे शेवाळ खाऊन प्रवाळाला जागा मोकळी ठेवतात. ते पाहुण्याच्या ताटात गेले तर लगूनची साफसफाई कोण करणार?

पण सगळे बेट इत्तांसारखे नाही. शेजारी एकाने सिमेंटच्या नव्या खोल्या बांधल्या आहेत आणि विहिरीवर पंप बसवला आहे. त्यालाही मुलांची शिक्षणे करायची आहेत, त्याचे काय चुकले? अडचण अशी की जमिनीखालचे ते भिंग दोन्ही घरांना एकच. त्याचा पंप चालला की खारे पाणी इत्तांच्याही विहिरीत येते. एका घराने संयम पाळून भागत नाही.

राजा अम्पातची आठवण

इंडोनेशियाच्या पूर्व टोकाला, पापुआजवळ, राजा अम्पात नावाचा हजाराहून अधिक बेटांचा समूह आहे. नावाचा अर्थ ‘चार राजे’, आणि त्यातला राजा आपलाच! जगातील सर्वात समृद्ध प्रवाळ तिथे आहे असे शास्त्रज्ञ सांगतात. तिथे गावकऱ्यांनी किनाऱ्यावर झापांच्या साध्या खोल्या बांधल्या आणि निवास चालवणाऱ्या घरांनी मिळून आपली संघटना केली. स्थानिक वाटाड्याबरोबर कयाकने एका गावाहून दुसऱ्या गावी, रोज वेगळ्या घरी मुक्काम करत जाण्याचा प्रकारही तिथे आहे. बाहेरच्या पाहुण्याकडून सागर-रक्षणासाठी शुल्क घेतात. तिथे ‘सासी’ नावाची जुनी प्रथा आहे. गाव मिळून ठरवते की समुद्राचा अमुक भाग अमुक काळ बंद. मग कुणीच तिथे मासे मारायचे नाहीत. आपल्या देवराईचा नियम समुद्रात लावावा तसे!

तिथेही सगळे गोड नाही. मार्च २०१७ मध्ये एक मोठे प्रवासी जहाज तिथल्या प्रवाळावर चढले आणि काही तासांत हजारो चौरस मीटर प्रवाळ भुगा झाले. पण ‘सासी’तून एक गोष्ट स्पष्ट होते. गावाला चार पैसे मिळाले म्हणजे पर्यटन गावाचे झाले, असे नाही. किती पाहुणे घ्यायचे हे गावाने मिळून ठरवले आणि वेळ आली तर मिळून ‘नको’ म्हणता आले, तर ते गावाचे.

अगत्तीत याची बीजे आहेत. मुंबईच्या बीएनएचएस संस्थेचे डॉ. दीपक आपटे यांनी तिथल्या महाकाय शिंपल्यांवर अनेक वर्षे काम केले आणि गावकऱ्यांच्या सहभागाने राखीव क्षेत्राची कल्पना मांडली. अगत्तीतल्याच एका रिसॉर्टचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला होता, तेव्हा २०१२ साली न्यायालयाने न्या. आर. व्ही. रवींद्रन यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली. बेटांचा विकास त्यांच्या वहनक्षमतेत बसवावा, असा त्या समितीच्या कामाचा रोख होता. दुसऱ्या बाजूला, सुहेली आणि कदमत या बेटांवर प्रत्येकी ११० खोल्यांची मोठी हॉटेले बांधण्याची योजना २०२३ साली जाहीर झाली. इत्तांच्या घरात खोल्या दोन.

इत्तांचा हिशेब

निघायच्या आदल्या रात्री मी विषय काढला. बेचाळीस मुले, चार शिक्षक, तीन रात्री. आसपासची घरे मिळून सोय होईल का? एवढ्या पाहुण्यांचे पैसे त्यांना लहान रक्कम नव्हती. पावसाळ्याआधी छप्पर दुरुस्त करायचे आहे, हे त्यांनीच बोलण्यात सांगितले होते. मुलाने आईकडे पाहिले.

इत्तांनी वही उघडली नाही. बोटांवरच मोजले. ‘‘एका माणसाला दोन बादल्या. आठ माणसांना सोळा. सोळापर्यंत विहीर ऐकते. मार्चनंतर तेवढंही नाही.’’

मी म्हटले, ‘‘उरलेली मुले शेजारी राहतील.’’

त्या म्हणाल्या, ‘‘पाणी खाली एकच आहे.’’

मुलगा हळूच म्हणाला, ‘‘आणि मॅडम, मी एका वेळी चौघांच्याच पायांवर नजर ठेवू शकतो. मित्राला घेतलं तर आठ.’’

माझे पाऊल अजून पट्टीत होते. पुढे काय बोलणार?

परत आल्यावर बैठक झाली. भूगोलाचे सर नाराज झाले, पण भिंगाचे चित्र फळ्यावर त्यांनीच काढले. ठरले असे. दरवर्षी एक-दोन शिक्षकांसह आठ जण, बेटावर एका वेळी आठाच्या वर कुणी नाही. म्हणजे जागा सहा किंवा सात, त्याही चिठ्ठ्या टाकून. बाकीच्यांची सहल मालवणला. तिथल्या समुद्रातही प्रवाळ आहे आणि मालवणचे सागरी अभयारण्य १९८७ पासूनचे आहे. एक विद्यार्थिनी चिडून म्हणाली, ‘‘मॅडम, तुम्ही जाऊन आलात म्हणून आम्हाला सांगताय!’’ तिचे खोटे नव्हते. मी तिला माझ्या पायावरचा व्रण दाखवला आणि ती फांदी कशी मोडली ते सांगितले. ती समजली की नाही, ठाऊक नाही. चिठ्ठीत मात्र तिचेच नाव निघाले.

तुम्ही जाणार असाल तर

कुटुंबासह जायचा बेत असेल तर एवढे लक्षात असू द्या. परवान्याचा अर्ज आधीच करा. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. ऑक्टोबर ते मार्च बरा काळ. राहायला गावातले घर शोधा आणि पैसे थेट त्या घराला द्या. आंघोळीला बादली घ्या. कयाकवाल्याला विचारा की एका माणसामागे किती पाहुणे. चारांपेक्षा जास्त म्हणाला तर दुसरा बघा. कासवाचा पाठलाग करू नका, प्रवाळावर उभे राहू नका. किनाऱ्यावर पडलेला प्रवाळाचा तुकडाही उचलू नका, वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे. आणि हो, ज्योतिषी अंगठीत घालायला सांगतात ते लाल पोवळे वेगळे, इथले वेगळे.

लेकीने खिशात एक पांढरा तुकडा लपवला होता. विमानतळावर जाण्याआधी इत्तांच्या लक्षात आले. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त हात पुढे केला. लेकीने तुकडा दिला. इत्तांनी तो किनाऱ्यावर टाकला आणि तिच्या हातात नारळाचा गूळ ठेवला.

तो गूळ आम्ही संक्रांतीला तिळात घातला. सासूबाईंनी चव घेतली आणि विचारले, ‘‘येल्लिंद तंदी?’’ कुठून आणलास? मी म्हटले, ‘‘पूर्वी मंगळूरच्या कारभारात होती ना, त्या बेटांच्या शेजारून.’’

तीळगूळ वाटला, तेव्हा एक वाटी बाजूला ठेवली. पुढच्या सहलीतल्या मुलांबरोबर ती इत्तांकडे जाणार आहे.